माणूस गरीब का राहतो? निर्णय, परिस्थिती आणि नियम

१९२९ साली अमेरिकेत काम करू पाहणाऱ्या दर १०० जणांमागे जेमतेम ३ जण बेकार होते. १९३३ साली तोच आकडा २५ च्या घरात गेला. चार वर्षांत एवढ्या मोठ्या देशातली माणसं आठपट आळशी झाली, असं कुणी म्हणणार नाही. हात तेच होते, कसब तेच होतं, सकाळी उठून कामावर जायची तयारीही तीच होती. महामंदीत बँका बुडाल्या, कारखान्यांच्या मालाला गिऱ्हाईक उरलं नाही आणि हातावर पोट असलेली लाखो कुटुंबं उघड्यावर आली.

आता याच चित्राच्या जरा जवळ जाऊ. एकाच कारखान्यात राबणारे दोन भाऊ होते असं समजा. एकाने चार पैसे बाजूला टाकले होते, वेळीच दुसरं काम शिकून घेतलं होतं. दुसऱ्याने मिळेल ते उडवलं आणि डोक्यावर कर्ज करून ठेवलं. कारखाना बंद पडला तेव्हा पहिला कसाबसा तगला, दुसरा कोलमडला. हेही तितकंच खरं आहे, आणि असे भाऊ प्रत्येकाने आपल्या आसपास पाहिलेले असतात.

इथे खरं तर दोन प्रश्न आहेत. किती माणसं गरीब होणार, हा एक. त्या गरिबांत नेमकं कोण असणार, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक करून मजुरी, रोजगार, व्याज, कर, शाळा आणि दवाखाने यांच्या नियमांत सापडतं. दुसऱ्याच्या उत्तरात माणसाचे निर्णय, स्वभाव, आजारपण, आईवडील आणि नशीब असं सगळं मिसळलेलं असतं. ‘ज्याची त्याची करणी’ म्हणणारे दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर पहिल्या प्रश्नाला देऊन मोकळे होतात. ‘सगळा दोष व्यवस्थेचा’ म्हणणारे पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवतात. हा वाद पिढ्यान्‌पिढ्या मिटत नाही याचं मोठं कारण माझ्या मते हेच आहे.

मोजायला सुरुवात झाली तेव्हा

वाद फार जुना आहे. इंग्लंडमध्ये गरिबांच्या मदतीविषयीच्या १६०१ च्या कायद्यापासूनच मदतीला पात्र गरीब आणि धडधाकट असून काम न करणारे गरीब अशी विभागणी होत असे. १८३४ च्या कायद्याने ती अधिकच कडक केली. मदत हवी असेल तर वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांकडून काम करवून घेणाऱ्या आश्रयगृहात, राहायला या, आणि तिथलं जगणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुराच्या जगण्याहून वाईटच असलं पाहिजे, हे त्या व्यवस्थेचं उघड तत्त्व होतं. नवरा, बायको आणि मुलं यांना तिथे वेगवेगळं ठेवत. गरिबी ही माणसाची निवड आहे, मग ती निवड इतकी कडू करून टाका की तो दुसरी करेल, असा त्यामागचा विचार होता.

पन्नाससाठ वर्षांनी काही लोकांनी घरोघरी जाऊन मोजायचं ठरवलं. चार्ल्स बूथ यांच्या पाहणीत लंडनची सुमारे ३० टक्के लोकसंख्या गरिबीत आढळली. यॉर्क शहरात सीबोम राउंट्री यांनी १८९९ मध्ये ११,५६० कुटुंबांची माहिती गोळा केली. हे स्वतः चॉकलेट बनवणाऱ्या कारखानदाराच्या घरातले. त्यांनी आधी एक किमान खर्च ठरवला. शरीर धडपणे चालावं एवढं अन्न, घरभाडं, कपडे आणि सरपण, बस्स. या हिशेबात बसणाऱ्या कुटुंबाला वर्तमानपत्र घेता येणार नव्हतं, गाडीभाडं देता येणार नव्हतं, परगावी असलेल्या मुलांना पत्र लिहायचं तर टपालाचे पैसेही नव्हते. इतकी घट्ट रेषा आखूनही यॉर्कमधले जवळपास १० टक्के लोक तिच्याखाली होते. त्यांची कमाईच तिथवर पोचत नव्हती. आणखी सुमारे १८ टक्के लोकांची कमाई रेषेपर्यंत पोचत होती, पण पैसा दुसरीकडे वळत असल्याने घर दारिद्र्यात होतं.

हा दुसरा गट राउंट्री यांनी लपवला नाही. या घरांच्या हलाखीमागे दारूचा हात सगळ्यात मोठा आहे, असंच त्यांनी लिहिलं. त्याच ठिकाणी हेही लिहिलं की दारू आणि जुगार ही पुष्कळदा कोंदट घरांची, वाईट परिस्थितीचीच फळं असतात. पहिल्या गटाबद्दलचा निष्कर्ष तर पुष्कळांना अपेक्षित नव्हता. त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या घरातला कमावता माणूस रोज नियमाने कामावर जात होता. मजुरीच इतकी कमी होती की प्रामाणिकपणे राबूनही घर भागत नव्हतं. उरलेल्यांत मुलं जास्त असलेली घरं होती आणि कर्ता माणूस वारलेली घरं होती.

त्यांनी हीच पाहणी १९३६ मध्ये पुन्हा केली, आणि १९५० च्या सुमारास तिसऱ्यांदा. १८९९ मध्ये कमी मजुरी हे मुख्य कारण होतं. १९३६ मध्ये बेकारी फार मोठं कारण झालेली दिसली. तिसऱ्या पाहणीत गरिबीच खूप घटली होती, आणि जी उरली होती तिच्यात म्हातारपण हे पहिलं कारण होतं. शहर तेच. गरिबीची कारणं मात्र दर वेळी वेगळी, कारण मधल्या काळात मजुरी, पेन्शन, बेकारभत्ता आणि कुटुंबभत्त्याचे नियम बदलत गेले होते. मला या विषयात एकच पुरावा निवडायला सांगितला तर मी हा निवडेन.

मग आपल्याला चूकच आधी का दिसते?

इतका पुरावा असूनही गरीब माणूस समोर आला की पहिला विचार ‘याने काय चुकवलं?’ असाच येतो. यामागे दुष्टपणा असतोच असं नाही. आपली नजरच तशी घडलेली आहे. १९७७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात ली रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या आणि कोण प्रश्न विचारणार, कोण उत्तरं देणार हे नुसत्या सोडतीने ठरवलं. विचारणाऱ्याने स्वतःला ठाऊक असलेल्या आडवळणाच्या गोष्टींवर दहा कठीण प्रश्न तयार करायचे. साहजिकच उत्तर देणाऱ्याला निम्मेही जमले नाहीत. नंतर दोघांचं सामान्यज्ञान किती, असं विचारलं तेव्हा बघणाऱ्यांनी विचारणाऱ्याला अधिक हुशार ठरवलं. उत्तर देणाऱ्यांनी स्वतःही स्वतःला कमी लेखलं.

खेळाचा नियम सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठरला होता. तरीही दिसली ती माणसं, नियम दिसला नाही. गरिबीच्या बाबतीत तर नियम ठरताना आपण हजरही नसतो. शेवटचं वाक्य मला फार बोचतं: उत्तर देणाऱ्याने स्वतःला कमी लेखलं. गरीब घरातली कितीतरी माणसं ‘आपणच नालायक’ असं मनाशी धरून जगतात.

पण ‘निर्णयांना काही अर्थच नसतो’ हे म्हणणंही मला मान्य नाही. अमेरिकेतले अभ्यासक रॉन हॅस्किन्स आणि इझाबेल सॉहिल यांनी दाखवलं की ज्यांनी शालेय शिक्षण पुरं केलं, पूर्णवेळ नोकरी धरली आणि लग्नानंतरच मुलं होऊ दिली, त्यांच्यात गरिबीचं प्रमाण फक्त २ टक्क्यांच्या आसपास होतं. शाळा अर्धवट सोडली, व्यसन लागलं, आंधळेपणाने कर्ज काढलं तर घर बुडतं, हे कुणालाही कळतं. ज्याच्या हातात जे आहे ते त्याने नीट करावं, हा सल्ला चुकीचा नाही. या तीन पायऱ्यांतली एक मात्र नीट बघा. पूर्णवेळ नोकरी ‘धरणं’ हे नोकरी असण्यावर अवलंबून आहे, आणि त्या एका पायरीनेच गरिबीचा बराचसा भाग आपोआप पुसला जातो. १९३३ मध्ये ही पायरी चढायची इच्छा लाखोंना होती, पायरीच जागेवर नव्हती.

धीर धरणं कुणाला परवडतं

गरिबांना दूरचं दिसत नाही, हाताशी आलं की खर्च करतात, असं म्हटलं जातं. याच्या आधाराला मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा प्रसिद्ध प्रयोग येतो. लहान मुलासमोर एक गोड खाऊ ठेवायचा आणि सांगायचं की मी येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. जी मुलं थांबली ती पुढे अभ्यासात अधिक यशस्वी ठरली, असं नंतरच्या पाठपुराव्यात दिसलं, आणि संयम हाच यशाचा पाया अशी समजूत जगभर पसरली. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी ९०० हून अधिक मुलांवर तेच तपासलं. संबंध दिसला, पण मुळातल्यापेक्षा निम्माच, आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर तर तो फारच थोडा उरला.

याहून बोलका प्रयोग २०१३ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात झाला, छोटाच, २८ मुलांचा. मुलांना चित्र काढायला बसवलं. जुने मोडके खडू दिले आणि सांगितलं, थोडं थांब, मी छान नवे खडू घेऊन येते. निम्म्या मुलांना नवे खडू खरंच आणून दिले. उरलेल्यांना सांगितलं, माफ कर, नाहीत आपल्याकडे. मग चिकटचित्रांच्या बाबतीत पुन्हा तेच केलं. त्यानंतर तो खाऊचा प्रयोग झाला. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. शब्द मोडलेला पाहिलेली मुलं ३ मिनिटं.

या दुसऱ्या गटातल्या मुलांना संयम नव्हता असं म्हणवत नाही. दोनदा फसलेल्या मुलाने हाती आलेलं खाऊन टाकणं हा शहाणपणाच आहे. ज्या घराने ठरलेली मजुरी बुडालेली पाहिली, भिशी चालवणारा पळालेला पाहिला, वचनं कोरडी गेलेली पाहिली, त्या घराने ‘उद्या’वर विश्वास का ठेवावा?

टंचाईचा परिणाम डोक्यावरही होतो का, हे २०१३ मध्ये तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवर तपासलं गेलं. त्यांचा पैसा वर्षातून एकदा येतो, त्यामुळे तोच शेतकरी तोडणीआधी तंगीत असतो आणि नंतर बरा असतो. तीच माणसं तोडणीनंतर बुद्धिचाचण्यांत सरस ठरली. पुढे अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर असं तपासलं तेव्हा विचारशक्तीत फरक आढळला नाही. पगाराच्या आधी पैशांबाबतचे निर्णय मात्र ‘आत्ताच हवं’ याकडे झुकलेले होते. म्हणजे तंगीने बुद्धीच मंद होते असं सरसकट म्हणू नये. पण हाती काही नसताना कुणीही जवळचं बघतो, एवढं त्यातून नक्की दिसतं.

त्याच चुकीची वेगळी किंमत

माझ्या दृष्टीने सगळ्या विषयाची गाठ इथे आहे. चुका सगळेच करतात. श्रीमंत घरातला मुलगा एक वर्ष वाया घालवतो, नको त्या धंद्यात पैसे घालतो, एखादा हप्ता विसरतो. त्याच्यामागे घर उभं असतं, त्यामुळे ती चूक पुढे गप्पांत सांगायचा किस्सा होते. गाठीशी काही नसलेल्या घरात तर चूकही लागत नाही. कमावत्या माणसाला आठवडाभर ताप येतो. रोजंदारी बुडते. औषधाला पैसे हवेत म्हणून ओळखीतल्या सावकाराकडून चढ्या व्याजाने उचल घेतली जाते, कारण बँक तारण मागते. पुढच्या महिन्यात व्याज भागवताना भाडं थकतं. भाडं थकलं म्हणून घर बदलावं लागतं, घर बदललं म्हणून काम लांब पडतं आणि मुलाची शाळा सुटते. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. वर्षभराने बाहेरचा माणूस या घराकडे बघतो तेव्हा त्याला तीन गोष्टी दिसतात: कर्जबाजारी बाप, कामावर टिकत नाही, मुलगा शाळेत जात नाही. तिन्ही गोष्टी चुकीच्या निर्णयांसारख्या दिसतात. सुरुवात तापाने झाली होती.

हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही. क्लेअर बाल्बोनी, ओरियाना बांदिएरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशात नेमका हाच प्रश्न तपासला: काही माणसं गरीब राहतात ती त्यांच्यात कुवत कमी म्हणून, की सुरुवातीलाच हाती काही नव्हतं म्हणून? ब्रॅक या संस्थेने अतिगरीब घरांतल्या हजारो बायकांना उत्पन्नाचं साधन दिलं, बहुतेक ठिकाणी गाय, आणि सोबत थोडं प्रशिक्षण. मग अशा सुमारे ६,००० अतिगरीब घरांचं काय झालं ते ११ वर्षं पाहिलं.

सगळ्यांना साधारण सारखीच मदत मिळाली होती. ज्या घरात आधीपासून किडूकमिडूक काही होतं, ती घरं गायीसकट एका उंबरठ्याच्या वर गेली आणि मग वर्षागणिक वरच चढत राहिली. ज्या घरात आधी अगदीच काही नव्हतं, ती गाय मिळूनही त्या उंबरठ्याच्या खालीच राहिली आणि हळूहळू मागे घसरली. गरिबीचं कारण स्वभावात किंवा कुवतीत असतं, तर सुरुवातीच्या थोड्याशा फरकाने दोन घरांच्या वाटा अशा उलट्या दिशांना गेल्या नसत्या. गाय एकटी पुरत नाही, चारा हवा, गोठा हवा, दूध विकायला जायची सोय हवी. तेवढं नसेल तर गायही पुढच्या अडचणीला विकली जाते.

याचा थेट अर्थ असा की सगळ्यांना चिमूटचिमूट वाटलेली मदत कुणालाच उंबरठा ओलांडू देत नाही. ‘एवढं दिलं तरी हे लोक सुधारत नाहीत’ ही तक्रार पुष्कळदा या चिमटीतूनच जन्माला येते. एकदाच, पण पुरेसं दिलं तर चित्र वेगळं दिसतं. दिलेल्या पैशांची दारू पितील, ही भीती तर बऱ्याच ठिकाणी तपासून झाली आहे. रोख मदतीच्या अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला त्यात आढळला नाही, उलट तो किंचित घटल्याचंच दिसलं.

व्यवस्था म्हणजे कोण?

‘व्यवस्था अन्यायी आहे’ असं म्हणताना आपण एखाद्या खलनायकाला शोधतो आणि मग सगळा बाजारच आरोपी होतो. तेवढं सोपं नाही. दिवसाला २.१५ डॉलर या २०२५ पर्यंत वापरात असलेल्या जागतिक रेषेने पाहिलं तर १९९० मध्ये जगातले सुमारे ३८ टक्के लोक अतिगरीब होते. २०१९ मध्ये ते ९ टक्क्यांच्या आसपास आले. एकट्या चीनमध्ये चाळीस वर्षांत सुमारे ८० कोटी लोक त्यातून बाहेर पडले. व्यापार, शेतीतले बदल, कारखाने, रस्ते आणि शिक्षण यांशिवाय हे झालं नसतं. बाजार हा या गोष्टीतला मोठा नायकही आहे. पण हेसुद्धा नियम बदलल्यानेच झालं. १९७८ नंतर चिनी शेतकरी अचानक कष्टाळू झाला नाही, पिकवलेलं विकायची मोकळीक त्याला मिळाली.

कोरियाचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. १९४५ पर्यंत एकच देश, एकच भाषा, एकच संस्कृती. आज दक्षिणेतलं दरडोई उत्पन्न उत्तरेच्या २० पटींहून जास्त आहे. अर्थतज्ज्ञ ब्रांको मिलानोविच यांनी जगभरातल्या लोकांच्या उत्पन्नाची तुलना केली तेव्हा त्यातला निम्म्याहून अधिक फरक माणूस कोणत्या देशात राहतो, एवढ्यावरूनच सांगता आला. आणि जन्माचा देश कुणी निवडत नाही. देशादेशांतही फरक आहे. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या २०१८ च्या अंदाजानुसार तळातल्या घराला सरासरी उत्पन्नापर्यंत पोचायला डेन्मार्कमध्ये दोन पिढ्या लागतात, तर कोलंबियात अकरा. डेन्मार्कच्या मुलांचे निर्णय पाचपट बरे असतील असं मला वाटत नाही.

नियमांचा परिणाम किती झटपट दिसू शकतो, हे अलीकडेच दिसलं. अमेरिकेने २०२१ मध्ये मुलं असलेल्या कुटुंबांना मिळणारी करसवलत वाढवली आणि त्यातली अर्धी रक्कम मासिक हप्त्यांनी थेट दिली. सरकारी मदत धरून मोजली जाणारी बालगरिबी त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर आली. पुढच्या वर्षी ही वाढीव सवलत बंद झाली आणि २०२२ मध्ये तो आकडा १२.४ टक्के झाला. एका वर्षात दुपटीहून अधिक. आईबाप तेच होते.

मुलांपाशी आलं की निवडीचा मुद्दा उरतच नाही, म्हणून इथे मला सगळ्यात जास्त तळमळ वाटते. १९९४ ते १९९८ या काळात अमेरिकेतल्या पाच शहरांत ४,६०० हून अधिक गरीब कुटुंबांमध्ये सोडत काढली गेली. काहींना कमी गरिबीच्या वस्तीत घर भाड्याने घ्यायला मदत मिळाली, काहींना नाही. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी पुढे हिशेब लावला. मोठ्यांच्या कमाईत फरक पडला नाही. तेराव्या वर्षाच्या आत नव्या वस्तीत गेलेल्या मुलांची तरुणपणची कमाई मात्र सोडत न लागलेल्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी अधिक निघाली. वयाच्या तेराव्या वर्षानंतर गेलेल्या मुलांना हा फायदा झाला नाही. म्हणजे ‘चूक कुणाची’ याचा निकाल लागेपर्यंत मदत थांबवून ठेवायची म्हटलं, तर तोवर या मुलांचं वय निघून गेलेलं असतं.